वीस सोंगट्या आणि परार्ध

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं गाव. २००९ साली आलेल्या ‘वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन’ या संगणकीय युद्धखेळाच्या नकाशावर हिंदुस्थान आहे, पण तिथे नाकाडोंगरी शोधायला गेलात तर गाव सोडाच, जिल्हाही हाती लागणार नाही. या नकाशाचं एकेक षटकोनी घर ४० सागरी मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर रुंद आहे. त्याचं क्षेत्रफळ भरतं जवळपास ४,७५० चौरस किलोमीटर, आणि अख्खा भंडारा जिल्हा आहे ४,०८७ चौरस किलोमीटरचा. सातही तालुके एका घरात मावतील आणि वर जागा उरेल.

आता काळाचं माप पाहा. या खेळात एक चाल म्हणजे युद्धाचा एक दिवस. ७ डिसेंबर १९४१ पासून २ सप्टेंबर १९४५ पर्यंत दिवस होतात १,३६६. दोन खेळाडू ई-मेलने रोज एक चाल एकमेकांना पाठवत राहिले, तर डाव संपायला पावणेचार वर्षं लागतात. पॅसिफिकमधलं खरं युद्ध जेवढं चाललं, तेवढाच वेळ. आणि एवढ्या काळात पडद्यावर दिसतं काय? नकाशा, बारीक चिन्हं आणि आकड्यांचे तक्ते.

जुन्या धाटणीच्या अशा युद्धखेळांचे चाहते थोडे आहेत, पण जे आहेत ते वर्षानुवर्षं टिकून आहेत. इतक्या साध्या चित्रांत त्यांना काय गवसतं? माझ्या मते याचं उत्तर गणितात आहे.

आपल्या घरच्या खेळापासूनच सुरुवात करू. नवकंकरीचा पट महाराष्ट्रात लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडी फरशीवर कोरलेला सापडतो. एकात एक तीन चौकोन, २४ बिंदू, दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या. चिंचोके आणि खडे घेतले तरी भागतं. या १८ सोंगट्या २४ बिंदूंवर किती तऱ्हांनी बसतील? ६५४ कोटी ४० लाख ५७ हजार ५२० तऱ्हांनी. कोळशाने फरशीवर ओढलेल्या चार रेघांत एवढं मावतं.

आता १९७७ सालच्या अ‍ॅपल टू संगणकाकडे वळू. अक्षरं दाखवताना त्याच्या पडद्यावर ४० स्तंभ आणि २४ ओळी असत, म्हणजे ९६० घरं. मुख्य फळीवरची मेमरी फार तर ४८ किलोबाइट. आज फोनवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या सगळ्या मेमरीच्या साठपट भरतो. अशा यंत्रावर १९८० साली एसएसआय कंपनीचा ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ हा युद्धखेळ आला, तर पुढच्याच वर्षी गेम डिझायनर ख्रिस क्रॉफर्डने अटारी संगणकावर ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ आणला. जागा इतकी कमी, की चित्र सजवायचं की नियम बसवायचे हे आधी ठरवावं लागे. या मंडळींनी नियमांना झुकतं माप दिलं.

त्यांना कमी पडलं असं मात्र म्हणता येत नाही. ९६० घरांच्या पडद्यावर फक्त २० वेगवेगळ्या सोंगट्या ठेवायच्या आणि एका घरात एकच, असं धरलं, तर मांडणीच्या तऱ्हा होतात सुमारे ३६ वर ५८ शून्यं. अख्ख्या पृथ्वीत जेवढे अणू आहेत, त्यांच्या दोन अब्जांहून जास्त पट!

पण मांडणीपेक्षाही चाल जास्त चक्रावून टाकते. बुद्धिबळात एका वेळी सहसा एकच मोहरा हलतो, म्हणून पहिल्या खेळीला पर्याय असतात अवघे २०. युद्धखेळात आपल्या पाळीला सगळं सैन्य हलवता येतं. षटकोनी घराला सहा शेजारी. म्हणजे प्रत्येक तुकडीला सहा दिशा आणि जागीच थांबण्याचा सातवा पर्याय. एका तुकडीचे ७, दोन तुकड्यांचे ४९, दहा तुकड्यांचे २८ कोटी २४ लाख ७५ हजार २४९. वीस तुकड्या झाल्या की आकडा जवळजवळ ८ वर १६ शून्यं इथवर जातो. दर सेकंदाला एक चाल तपासली तरी पहिली पाळी संपायला २५३ कोटी वर्षं लागतील. आणखी एकच तुकडी वाढवा : लागतील १,७७० कोटी वर्षं. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं मानतात. एका सोंगटीने आपण विश्वाच्या वयापलीकडे जातो!

नदी, डोंगर आणि शत्रू आड येतात, त्यामुळे प्रत्यक्षात यातले बरेच पर्याय गळतात. उलट एका पाळीत चार-सहा घरं जाणाऱ्या तुकड्या असल्या, की ते पुन्हा भराभर वाढतात.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त एक, दश, शत करत परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १७ शून्यांपर्यंत, संख्यांची नावं दिली. वीस तुकड्या परार्धाच्या अलीकडे थांबतात आणि एकविसावी त्याच्या पार जाते. त्याच ग्रंथाच्या अंकपाश प्रकरणात एक उदाहरण आहे : शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारांनी येतील? उत्तर ३६ लाख २८ हजार ८००. शस्त्रं तीच, हात तेच. फक्त कुठलं कुठे द्यायचं एवढं बदललं तरी लाखोंचा पसारा. आज युद्धखेळ खेळणाऱ्याला दर पाळीला नेमकं हेच कोडं सोडवावं लागतं.

युद्धखेळातली एक सोंगटी जवळून पाहा. छोटा चौकोन, त्यात फुली, म्हणजे पायदळ. लंबगोल असला तर रणगाडे, एकच तिरकी रेघ असली तर घोडदळ. डोक्यावर इंग्रजी एक्सच्या दोन फुल्या, म्हणजे ही डिव्हिजन. खाली ‘४-६’ असे आकडे : बळ चार, चाल सहा घरं. बस्स. या चौकोनात दहा-पंधरा हजार माणसं आहेत.

अशाच एका चौकोनात, इटलीतल्या दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची सगळी तुकडी पडली, तरी ते एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खेळात हे दिसत नाही. फार तर चाराचा आकडा तीन होतो.

मला या खेळांचं मोल इथेच वाटतं. भव्य चित्रं असलेला खेळ स्फोट दाखवतो आणि पाहणारा पाहत राहतो. साधा पट काहीच दाखवत नाही, म्हणून खेळणाऱ्याला स्वतः विचारावं लागतं की चाराचे तीन झाले म्हणजे नेमकं काय झालं. परार्धाएवढ्या वाटा समोर असताना त्यानेच एक निवडलेली असते. कागदावर षटकोन आखा, वीस चिंचोके मांडा आणि एक पाळी प्रामाणिकपणे खेळून पाहा : सेनापतीचा निर्णय किती अवघड असतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे त्यातून जेवढं कळेल, तेवढं झगमगत्या पडद्यावरून कळणार नाही.