सोळाचे चाळीस कसे झाले?

गेल्या उन्हाळ्यात मध्यरात्री दवाखान्याचे दार जोरजोरात वाजले. दारात रिक्षा उभी होती आणि तिच्यात आमचे एक निवृत्त गुरुजी आडवे होते. अंग घामाने चिंब, बोलणे असंबद्ध, हाक मारली तरी ओळख नाही. बोटातले रक्त तपासले तर साखर अवघी ३४! शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांत गुरुजींनी डोळे उघडले आणि मलाच विचारले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही इथे कसे?"

औषधाचा परिणाम पुढे बराच वेळ राहणार होता, म्हणून दुसरा दिवसभर त्यांना दवाखान्यातच ठेवले. जेवणाआधी किती इन्सुलिन घेतले, असे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "रोजच्यासारखे सोळाच युनिट. खुणेपर्यंत मोजून घेतले."

गुरुजी खोटे बोलत नव्हते. पुण्याच्या मुलाने त्यांना इन्सुलिनचे पेन आणून दिले होते. पेनच्या सुया संपल्या, गावात मिळाल्या नाहीत. मग त्यांनी घरातली जुनी सिरिंज काढली आणि पेनमधल्या काडतुसातूनच औषध ओढले. घोटाळा झाला तो तिथे.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक साध्या बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्यासाठीच्या सिरिंजची टोपी लाल असते. पेनच्या काडतुसात मात्र साधारणपणे एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. लाल टोपीच्या सिरिंजवर १६ ची खूण म्हणजे ०.४ मिलिलिटर. काडतुसातले तेवढेच औषध म्हणजे ४० युनिट, अडीचपट! उलट चूकही होते. चाळीसच्या बाटलीतले औषध शंभरच्या, म्हणजे नारिंगी टोपीच्या सिरिंजने घेतले, तर सोळाऐवजी जेमतेम साडेसहा युनिट पोटात जातात. मग साखर का उतरत नाही, म्हणून रुग्णही हैराण आणि डॉक्टरही!

यात चूक माझीही होती. गुरुजींनी पेन दाखवले, तेव्हा "छान आहे, वापरा" एवढेच मी म्हणालो. सुया संपल्या तर काय करायचे, हे सांगितले नाही.

वाचक नेहमी विचारतात, "डॉक्टर, इन्सुलिनची गोळी का निघत नाही?" इन्सुलिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतले तर डाळीतल्या प्रथिनासारखेच ते पचून जाते. म्हणून १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे काढले आणि १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला टोचले, तेव्हापासून सुई सुटलेली नाही. १९८५ मध्ये पेन आले. आता त्याची सुई अवघ्या ४ मिलिमीटरचीही मिळते. नाका-तोंडाने ओढायच्या इन्सुलिनचेही प्रयत्न झाले. तोंडाने ओढायचे पहिले औषध २००६ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी बाजारातून गेले. तशा प्रकारच्या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये आणि भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण दमेकऱ्यांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना ते चालत नाही. आठवड्यातून एकदाच टोचायच्या इन्सुलिनला युरोपात २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

सेमाग्लुटाइड हे पूर्वी फक्त टोचून घ्यायचे औषध. २०१९ पासून त्याची गोळीही आहे. ते इन्सुलिन नव्हे, आणि इन्सुलिनच्या जागी घ्यायचे नाही. ही गोळी रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घ्यावी लागते. नंतर अर्धा तास चहाही नाही. चहाबरोबर घेतली तर पैसे वाया!

साध्या मेटफॉर्मिनचेही तसेच. पाकिटावर 'एसआर' किंवा 'एक्सआर' असेल, तर ती सावकाश विरघळणारी गोळी आहे. ती कुटू नये, चावू नये. शौचात कधी तिचे टरफल दिसले तर घाबरू नये. औषध अंगात गेलेले असते.

म्हणजे औषध नवे असो वा जुने, ते घेण्याची रीत हा औषधाचाच भाग आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१) बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, ते दर वेळी वाचावे. नुसत्या टोपीच्या रंगावर विसंबू नये.

२) पेनच्या काडतुसातून सिरिंजने औषध कधीही ओढू नये. सुया संपण्याआधीच आणाव्यात.

३) टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी. एकाच जागी टोचल्याने गाठ येते आणि औषध नीट शोषले जात नाही.

४) इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मातीच्या ओल्या माठात, सावलीत ठेवावी.

५) घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक अशी लक्षणे दिसली, की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये. तडक दवाखाना गाठावा.

गुरुजी आता ठणठणीत आहेत. पेनही तेच वापरतात. सुयांची जादा डबी काकूंनी देवघराच्या फडताळात ठेवली आहे. मीही एक सवय लावून घेतली आहे : रुग्णाला माझ्यासमोर इन्सुलिन भरायला लावायचे.

तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना नुसती फाइल नेऊ नका. बाटली, पेन, सिरिंज, सगळे पिशवीत घालून न्या आणि आपण कसे घेतो, ते डॉक्टरांना करून दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.