आधी भिंत वाळू द्या

पाऊस ओसरला की रंगाऱ्यांना फुरसत नसते. दिवाळी तोंडावर आलेली असते आणि कपाटामागे चार महिने पसरलेले काळे-हिरवे ठिपके पाहुणे येण्याआधी झाकायचे असतात. बुरशी आलेल्या भिंतीसाठी हा मुहूर्त बहुधा चुकतोच. पावसाचा मारा खाल्लेली मुंबईतली किंवा कोकणातली भिंत ऑक्टोबरात हाताला कोरडी लागते, पण वरचा थर आधी वाळतो आणि गाभा मागाहून. खात्री करायची तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दिवसभर तसाच ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला दव जमले, तर रंगाचा डबा दुकानातच राहू द्यावा.

कारण बुरशीचा खुराक आपण भिंतीवरून कधीच पुरता काढू शकत नाही. धूळ, रंगातला चिकटा, वॉलपेपरचा कागद, कपाटाची प्लायवूडची पाठ, यांतले काहीही तिला चालते. तोडता येते ती फक्त ओल. त्यासाठी पाणी ठिबकावेच लागते असेही नाही. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचे भागते. म्हणून आधी ओलीचा उगम शोधायचा: गच्ची, बाहेरच्या गिलाव्यातली भेग, पलीकडच्या मोरीचा पाइप, की घरातच दोरीवर वाळणारे कपडे आणि भिंतीला चिकटवलेले कपाट? पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी नसून लोणा असतो. तो पाण्यात विरघळतो आणि भिंतीतून पाणी वाहत असल्याची चुगली करतो.

यावर हमखास उत्तर येते, की आता बुरशीरोधक रंग मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? असे रंग निरुपयोगी नाहीत. पण त्यातले औषध रंगाच्या थरात असते आणि काळाबरोबर कमी होत जाते. खालचा गिलावा ओलाच असेल, तर रंग औषधासकट पोपडे धरून सुटतो. ब्लीचचेही तसेच. फरशीवर ते चांगले चालते. सच्छिद्र गिलाव्यात मात्र औषधाचा जोर वरच्या वर संपतो आणि पाणी आत मुरते. शिवाय मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देऊ शकते, त्यामुळे ती मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे. (संडास धुण्याच्या ॲसिडात ब्लीच कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.) नुसते रंगवून टाकण्याचा सल्ला किती महाग पडू शकतो, हे इंग्लंडमधल्या रॉचडेलने पाहिले आहे. तिथल्या एका भाड्याच्या घरातल्या बुरशीची तक्रार २०१७ मध्ये झाली, तेव्हा कुटुंबाला वरून रंग मारायला सांगण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये त्या घरातला दोन वर्षांचा अवाब इशाक दगावला, आणि घरातल्या बुरशीमुळेच हा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष २०२२ च्या चौकशीत निघाला. त्याच्या नावाचा कायदा तिथे आता लागू आहे.

‘आपल्याकडची हवाच दमट, बुरशी परत येणारच,’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. हवा बदलता येत नाही, पण कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढता येते, स्वयंपाकघराचा पंखा चालवता येतो. गळती काढून भिंत वाळली, की मास्क लावून, बुरशी आधी ओली करून मगच खरवडावी. कोरडी खरवडली तर बीजाणू घरभर उडतात. सुटलेली लांबी आणि भुसभुशीत गिलावा पक्क्या थरापर्यंत काढावा, साबणाच्या पाण्याने पुसून भिंत पुन्हा वाळू द्यावी. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला साधारण २८ दिवस लागतात, आणि रंगारी इथेच घाई करतात. त्यानंतर प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर आणि रंगाचे दोन हात. बाहेरून ओल येण्याचा संभव असलेल्या भिंतीवर आतून जाड, चकचकीत थर टाळावा. जुन्या घरांतला चुना भिंतीतली वाफ बाहेर जाऊ द्यायचा. प्लॅस्टिकसारखा थर ती आतच कोंडतो. हे सगळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करावे. दिवाळीला त्या भिंतीवर रंग नसला तरी चालेल, कपाट मात्र तिच्यापुढून हटवलेले असावे.