जुन्या मोटारसायकलचे ब्रेक

राहात्यातून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते. तेव्हा गाडी पळते किती, यापेक्षा ती थांबते कशी, हेच महत्त्वाचे ठरते. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते आणि तिची उष्णता बनते.

माझी मोटारसायकल पल्सर २२० आहे. बजाज कंपनीने हे मॉडेल २००७ साली आणले, तेव्हाच त्याच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक होते. अशा ब्रेकमध्ये लिव्हरचा दाब तेलावाटे पॅडपर्यंत पोहोचतो. हे तेल हवेतील ओलावा शोषते. ताजे डॉट-४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तापलेल्या ब्रेकमध्ये मग वाफ धरते. तेल दबत नाही, वाफ दबते; त्यामुळे लिव्हर पोकळ लागतो. जुनी रबरी नळीही फुगून दाब खाते.

म्हणून मी दर दोन वर्षांनी तेल बदलून नळीतील हवा काढून घेतो, पॅडची जाडी पाहतो. रबरी नळीच्या जागी पोलादी जाळीची नळीही बसविली आहे. १२५ सी.सी.वरील नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून एबीएस सक्तीचे झाले. जुन्या गाडीला ते सहज जोडता येत नाही. तेव्हा मित्रहो, मोठी डिस्क घेण्याआधी तेलाची छोटी बाटली घ्या!