‘ला’ कुणाला लागतो, कुणाला नाही

‘आम्ही डॉक्टर शोधतोय’ आणि ‘आम्ही डॉक्टरांना शोधतोय’. पहिल्या वाक्यातल्या माणसांना कुणीही चांगला डॉक्टर चालेल. दुसऱ्या वाक्यातली माणसं ठरावीक डॉक्टरांच्या मागावर आहेत. हा फरक मराठी माणसाला कुणी शिकवलेला नसतो. शाळेत द्वितीयेचे प्रत्यय पाठ करून घेतात, पण ते कधी गाळायचे हे फारसं कुणी सांगत नाही. तरीही ‘मी आंब्याला खाल्लं’ हे वाक्य ऐकताक्षणी खटकतं आणि ‘मी मुलाला उठवलं’ हे खटकत नाही.

हीच डॉक्टरांची जोडी स्पॅनिशमध्ये जवळजवळ जशीच्या तशी भेटते. ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे कुणीतरी डॉक्टर हवा आहे. ‘बुस्को आ उन मेदिको’ म्हणजे एक विशिष्ट डॉक्टर शोधतो आहे. घर पाहिलं तर कर्मापुढे काही नाही, मारियाला पाहिलं तर मात्र ‘आ’ हवाच. जुन्या स्पॅनिशमध्ये हा ‘आ’ सर्वनामं आणि विशेषनामं यांच्यापुढे ठामपणे येई, इतर माणसांपुढे कधी येई, कधी नाही. पुढच्या शतकांत त्याने बाकीची माणसंही आपल्या कक्षेत घेतली.

गेओर्ग बोसाँग या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने इराणी भाषांचा अभ्यास करताना १९८५ मध्ये या प्रकाराला नाव दिलं. मराठीत त्याला ‘विभेदक कर्मचिन्हन’ म्हणता येईल: सगळ्या कर्मांना सरसकट खूण न करता काहींनाच करायची. अशा भाषा जगभर विखुरलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. निवडीचे निकष मात्र थोडेच आणि पुन्हा पुन्हा तेच. कर्म सजीव आहे का? ते ठरावीक आहे का?

रशियन सजीवतेकडे पाहते. ‘स्तोल’ म्हणजे टेबल; ते कर्ता असो वा कर्म, रूप बदलत नाही. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. तो कर्म झाला की ‘ब्राता’ होतो. हिब्रूला सजीव-निर्जीवाशी देणंघेणं नाही. तिथे ‘एक पुस्तक पाहिलं’ याला खूण नाही, ‘ते पुस्तक पाहिलं’ म्हणताना आधी ‘एत’ लागतो. तुर्कीही त्याच वाटेवरची. ‘फिल्म इझ्लेदिम’ म्हणजे सिनेमा पाहिला, संध्याकाळ तशी घालवली. ‘फिल्मि इझ्लेदिम’ म्हणजे तो अमुक सिनेमा पाहिला. खूण नसलेलं कर्म क्रियापदाला चिकटून एका कामाचं नाव बनतं. मराठीत ‘मुलगी पाहिली’ म्हटलं की लग्नाची बोलणी डोळ्यांपुढे येतात, ‘मुलीला पाहिलं’ म्हटलं की ती एक मुलगी.

हे सगळं कशासाठी? सर्वांत सोपं उत्तर गोंधळ टाळण्याचं आहे. माणूस आंबा खातो, आंबा माणसाला खात नाही. तिथे कर्ता कोण हे जगच सांगतं. शिपाई आणि चोर मात्र दोघेही धरणारे असू शकतात, म्हणून ज्याला धरलं त्याच्यावर खूण हवी. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये याला पुष्टी देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक बनावट छोटी भाषा शिकवली, तिच्यात कर्माचा प्रत्यय कधी यायचा, कधी नाही. शिकणाऱ्यांनी स्वतः बोलताना तो निर्जीव कर्मांपेक्षा सजीव कर्मांना जास्त वेळा लावला. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण हे उत्तर पुरेसं नाही, आणि ते कुठे अपुरं पडतं हे मराठीत लख्ख दिसतं. ‘शिपायाने चोराला पकडलं’ या वाक्यात ‘ने’ने कर्ता आधीच दाखवला आहे. गोंधळाला जागाच नाही. तरी ‘ला’ येतोच, कारण तो चोर आता बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नजरेत भरलेला आहे. कर्माचं महत्त्व वाढलं की खूण येते, असं म्हणणं इथे जास्त पटतं. ‘त्याने मला पाहिलं’ यातला ‘मला’ तर टाळताच येत नाही. बोलणारी व्यक्ती कधीच बिनमहत्त्वाची नसते.

मराठीत या खुणेची किंमत क्रियापद मोजतं. ‘शिपायाने चोर पकडला’, ‘शिपायाने टोळी पकडली’: क्रियापद कर्माच्या लिंगावर चालतं, हा कर्मणी प्रयोग. ‘चोराला’ किंवा ‘टोळीला’ म्हटलं की क्रियापद कर्माशी नातं तोडतं आणि नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: ‘पकडलं’. हा भावे प्रयोग. हिंदीतही असंच होतं, फक्त तिथे नपुंसकलिंग नसल्याने क्रियापद पुल्लिंगी होतं: ‘राज ने रीना को देखा’. शेजारच्या गुजरातीने मात्र वेगळा हिशेब मांडला आहे. तिथे ‘राजे रीनाने जोई’ म्हणतात. आपल्याकडे कर्त्याला लागणारा ‘ने’ तिथे कर्माला लागतो, आणि तो लागल्यावरही ‘जोई’ हे क्रियापद रीनाचं स्त्रीलिंग सोडत नाही.