टोमॅटोची तुलना: काट्यावर आणि जिभेवर



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपापल्या परसातले टोमॅटो एकमेकांना चाखायला द्यायचे ठरले, आणि तेव्हापासून विहिरीवर व बसथांब्यावर एकच चौकशी चालू आहे, "तुमचे किती किलो निघाले?" एका घरी सहा झाडांना पंधरा किलो निघाले, दुसऱ्या घरी बारा झाडांना वीस. वीसवाले खुशीत, पंधरावाले हिरमुसलेले. पण झाडामागे हिशेब केला तर पहिल्या घरी अडीच किलो पडतात आणि दुसऱ्या घरी पावणेदोनही भरत नाहीत. तेव्हा वजन सांगताना झाडे किती, रोपे कधी लावली आणि तोडे किती झाले, हेही सांगावे. किडकी फळेसुद्धा वजनात धरावी, नाहीतर तुलना खरी होत नाही.

आम्हाला काळजी वाटते ती मात्र निराळ्याच गोष्टीची. त्या दिवशी फळ अगदी बिनडागी दिसावे म्हणून आता कोणते औषध मारावे, असे एक-दोघांनी आम्हाला विचारले. आमचे उत्तर स्पष्ट आहे, आता काहीही मारू नका. ताटातली फोड पहिल्यांदा उचलणार ती मुले, आणि तीही कच्ची खाणार. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावे हे लिहिलेले असते. ते दिवस पुरे झाल्याशिवाय फळ घरातही खाऊ नये, मग पाहुण्याला देणे तर दूरच. धुतल्याने सालीवरचे थोडेफार औषध निघते, पण काही औषधे झाडाच्या रसात भिनतात आणि ती पाण्याने जात नाहीत. वेष्टनावरचा रंगीत त्रिकोणही पाहावा. तांबडा म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालापासूनच बंदी आहे, तेव्हा कोठीत एखादी जुनी बाटली उरली असेल तर तिला हात लावू नये. दहा-बारा झाडांवरच्या अळ्या सकाळी हाताने वेचता येतात. भोक पडलेली फळे तोडून खोल पुरावी, बांधावर टाकली तर अळी पुन्हा झाडावर येते.

आता चवीकडे वळू. आपल्या गावठी टोमॅटोला खाचा असतात, आणि फळ कच्चे असताना देठाजवळचा भाग गर्द हिरवा दिसतो. बाजारात याला कमी भाव मिळतो, कारण गिऱ्हाईकाला सगळीकडून सारखे लाल फळ हवे असते. पण ते गर्द हिरवे खांदे म्हणजे जास्त हरितद्रव्य, आणि पानाप्रमाणे फळही त्याच्या जोरावर थोडी साखर स्वतः तयार करते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हे दाखवून दिले. सुमारे सत्तर वर्षे एकसारखी पिकणारी वाणे निवडताना पैदासकारांच्या हातून नकळत गोडीही कमी झाली. तेव्हा शेजारणीचे फळ वेडेवाकडे दिसले म्हणून नाक मुरडू नये. संकरित वाणांनाही आम्ही नावे ठेवत नाही. पाने आकसण्याचा रोग आणि मर यांनी जेथे दरवर्षी बाग बसते, तेथे बंगळुरूच्या संस्थेचे अर्का रक्षक लावणे शहाणपणाचे आहे.

चव बिघडते ती पुष्कळदा तोडताना आणि तोडल्यावर. फळाच्या बुडाशी गुलाबी छटा आली की ते घरातही पिकते, पण अगदी कोवळे हिरवे तोडलेले फळ नीट पिकत नाही. पिकत घालायचे ते सावलीत, टोपलीत एकेरी थराने ठेवावे. कडक उन्हात ठेवले तर ते लाल होण्याऐवजी पिवळट राहते. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. थंडीने फळाचा वास मरतो, आणि टोमॅटोच्या चवीत निम्मे काम वासाचेच असते. पाणी एकाएकी वाढवले तर वजन वाढते पण फळ पानचट होते आणि तडकते. चार दिवस कोरडे ठेवून मग सरी तुडुंब भरू नये, थोडे थोडे आणि नियमाने द्यावे.

याच अनियमित पाण्याने फळाचे बूड काळे पडते. खानापूरकडच्या तांबड्या मातीत हे फार दिसते, कारण जोरदार पावसाने तिथला चुना धुऊन जातो आणि फळाच्या टोकापर्यंत तो पोचत नाही. हा रोग नव्हे, तेव्हा झाड उपटू नका. बुडाशी पालापाचोळा घालून ओल टिकवावी, पुढच्या हंगामाआधी माती तपासून चुना घालावा. काळा भाग कापून उरलेले फळ आमटीत खुशाल वापरावे.

चाखताना ताटांवर नावे नकोत, नुसते आकडे असावेत, म्हणजे भिडेखातर कोणी वाहवा करणार नाही. सगळी फळे सारखी पिकलेली निवडावी, ऐनवेळी कापावी आणि मीठ लावू नये. दोन फोडींच्या मध्ये पाणी प्यावे किंवा भाकरीचा तुकडा खावा. ज्यांना आंबट सोसत नाही त्यांनी बेताने खावे. मूत्रपिंडाच्या विकारासाठी ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. एरवी टोमॅटो कच्चा खाल्ला तर क जीवनसत्त्व जास्त मिळते, आणि तेलात शिजवला तर त्याचे लाल द्रव्य शरीरात अधिक मुरते.

ज्यांचे फळ आवडेल त्यांच्याकडून बी मागून घ्यावे, मात्र ते गावठी किंवा सुधारित वाणाचे असावे. संकरित फळाचे बी पुढच्या वर्षी तसेच फळ देत नाही. निरोगी झाडाचे पुरते पिकलेले फळ घेऊन त्याचा गर बियांसह वाटीत दोन दिवस आंबवावा, वर तरंगणारे बी टाकून द्यावे, तळाचे बी धुऊन सावलीत वाळवावे. कागदाच्या पुडीत बांधून वर वाणाचे नाव, साल आणि कोणाच्या घरचे ते लिहावे. वाटी आणि कागद आम्ही त्या दिवशी टेबलावर ठेवू.