पाणी तापवायचा रॉड : दिसत नसलेल्या माणसाने कसा वापरावा?

पवनार (वर्धा) : थंडी पडली की धाम नदीकाठच्या आपल्या गावात सकाळी गार पाण्यात हात घालवत नाही. चुलीचा धूर नको म्हणून बऱ्याच घरी आता पाणी तापवायचा रॉड आला आहे. पण जे जन्मापासून अंध आहेत किंवा काचबिंदूने ज्यांची नजर गेली, त्यांना घरचे रॉडला हात लावू देत नाहीत. घरचे कापूस वेचायला गेले की तो माणूस गार पाण्यानेच आंघोळ करतो, नाहीतर कोणी येईपर्यंत बसून राहतो. घरच्यांची भीती खोटी नाही. तरी सोय नीट असली आणि सवय ठरलेली असली तर हे काम स्वतः करता येते.

आधी घराची सोय

१५०० वॅटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर करंट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच लागतो. छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर लावला तर वायर तापते. रॉड आयएसआय मार्कचा, तीन पिनचा घ्यावा. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासावे आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट अंगातून जमिनीत जाऊ लागला की तो क्षणात लाईन तोडतो. हा खर्च टाळू नये.

बादली, रॉड टांगायची लाकडी पट्टी आणि रॉड ठेवायचा खिळा, तिन्हींची जागा कायम एकच असावी. घरातल्या कोणीही ती बदलू नये. बटनाच्या चालू बाजूला एम-सीलचा छोटा ठिपका लावला तर बोटाला लगेच कळते.

क्रम मोडू नका

१. बादली भरा. पिन डाव्या हातात धरून रॉड टांगा. कॉइल पूर्ण बुडाली का, ते उजव्या हाताने पाहा. पिन हातात आहे म्हणजे करंट नाही.

२. हात कोरडे करा, पायात चप्पल घाला, पिन लावा, बटन दाबा.

३. मोबाईलला बोलून टायमर लावायला सांगा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर यायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण १७-१८ मिनिटे लागतात, १००० वॅटच्या रॉडला २६ मिनिटे.

४. टायमर वाजला की बटन बंद करा आणि पिनही बाहेर काढा. नुसत्या बटनावर भरवसा नको. वायरिंग उलटी असेल तर बटन बंद असूनही रॉडमध्ये करंट राहतो.

५. मिनिटभर थांबून रॉड दांड्याला धरून खिळ्यावर टांगा. मगच पाण्याला हात लावा. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

पहिले काही दिवस घरचे कोणीतरी शेजारी उभे असावे.

लाईन गेली तर?

रॉड लावला आणि लाईन गेली, तर दिसणाऱ्याला लाईट विझलेला कळतो. अंध माणसाला कळत नाही. मग रॉड तसाच राहतो, लाईन परत येते, पाणी उकळून आटते आणि प्लास्टिकची बादली पेटू शकते. म्हणून रॉड चालू असताना पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. आवाज बंद झाला की लगेच पिन काढा.

शेगडी, हिटर

उघड्या कॉइलची शेगडी अंध माणसाने वापरूच नये. बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली असते. खोलीत हिटर लागतच असेल तर पडल्यावर आपोआप बंद होणारा घ्या. पांघरूण, लुगडे त्याच्यापासून तीन फूट दूर ठेवा. झोपताना बंद करा. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्या गॅसला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

अपघात झालाच तर

भाजले तर २० मिनिटे वाहते गार पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, तूप लावू नका. कोणाला शॉक लागला तर त्याला धरू नका, आधी मेन स्विच पाडा. अँब्युलन्ससाठी १०८ लावा. जवळच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. अंध माणसाच्या घरी अर्थिंग आणि आरसीसीबी बसवायला या निधीतून मदत द्या, अशी लेखी मागणी येत्या ग्रामसभेत करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.