कर्करोगाच्या उपचारात सिस्टरची सोबत

‘कर्करोग आहे’ हे शब्द कानावर पडल्यानंतर डॉक्टर पुढे काय म्हणाले ते आठवतच नाही, असे अनेक रुग्ण सांगतात. केमो किती वेळा, शस्त्रक्रिया आधी की नंतर, हे सारे त्याच दहा मिनिटांत सांगून झालेले असते. घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. तेव्हा विचारायचे कोणाला?

अमेरिकेत याचे एक उत्तर आहे ‘नर्स प्रॅक्टिशनर’. परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा अभ्यासक्रम प्रथम सुरू केला, तो लहान मुलांच्या आरोग्यासाठी. पुढे कर्करोग विभागांतही अशा परिचारिका आल्या. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली ही परिचारिका रुग्णाला तपासते, रक्ताचे रिपोर्ट पाहते, त्या त्या राज्याच्या नियमांनुसार औषधेही लिहून देते. उपचारांची दिशा तज्ज्ञ डॉक्टर ठरवतात; दोन केमोंच्या मधल्या दिवसांत रुग्णाचा हात धरते ती ही सिस्टर.

आपल्याकडे कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, पण त्यातून औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. टाटा मेमोरियलने रुग्णांना वाट दाखवणारे सहाय्यक तयार करण्यासाठी ‘केवट’ नावाचा उपक्रम सुरू केला आहे. रामाला गंगापार नेणाऱ्या नावाड्याचे हे नाव अगदी समर्पक आहे.

या मधल्या दिवसांना एवढे महत्त्व का, ते तापाच्या उदाहरणावरून कळेल. केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या सर्वांत कमी असतात. नेमका तेव्हा रुग्ण गावी परतलेला असतो. जंतूंशी लढणारे सैन्यच उरलेले नसल्याने साधा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू होत नाही, सूज येत नाही. कधी कधी ताप हे एकच लक्षण दिसते. म्हणून थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. सकाळपर्यंत थांबायचे नाही.

घरोघरी होते ते नेमके उलटे. अंग गरम लागले की पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते, ताप उतरतो आणि सगळे निर्धास्त होतात. संसर्ग मात्र आत वाढत राहतो. गोळी देण्याआधी ताप मोजावा आणि लिहून ठेवावा. गावातल्या दवाखान्यात गेलात तर पहिले वाक्य ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली’ हे असू द्या. ते न सांगितल्यास साधा व्हायरल ताप समजून परत पाठवले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी रक्तपेशींची तपासणी आणि शिरेतून प्रतिजैविके लगेच सुरू होणे यावर जीव अवलंबून असतो.

उलटीच्या गोळ्यांचेही तसेच. उलटी झाल्यावर घेण्यापेक्षा, सांगितलेल्या वेळी आधीच घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. हे चिठ्ठीवर लिहिलेले असते, पण चिठ्ठी कोण नीट वाचतो? तोंड आल्यास कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. जेवणच जात नसेल तर मात्र कळवायला हवे. आपल्या बायका विशेषतः हे दुखणे अंगावर काढतात आणि पुढच्या केमोला गेल्यावर वजन घटलेले दिसते.

केमो संपवून निघण्यापूर्वी डे-केअरच्या सिस्टरला तीन गोष्टी विचारून घ्या: ताप आला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, रक्ताची तपासणी गावात कोणत्या दिवशी करायची आणि तिचा रिपोर्ट कोणाला कळवायचा. उत्तरे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. फाइल कपाटात कुलूपबंद ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाला ती कुठे आहे हे ठाऊक असावे.